गोऱ्या फोटोचे म्हस्कूतात्या

बारामतीहून इंदापूरकडं जाताना लासुर्णे लागतं. तिथं रस्त्याच्या कडेला एक मोबाइलचं दुकान आहे. त्याच्या चकचकीत पाटीमागून जुन्या पाटीचा कोपरा डोकावतो, त्यावर ‘बिरोबा फोटो’ एवढं अजून वाचता येतं. तो स्टुडिओ म्हस्कूतात्या शिंगाड्यांचा. पुढचा गाळा त्यांनी भाड्यानं दिला, मागची फोटो धुवायची काळी खोली मात्र कुलूप लावून ठेवली, आणि तिच्याच मागं त्यांचं घर. आसपासच्या दहा-बारा गावांत त्यांचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं. म्हस्कूकडं फोटो काढला की माणूस गोरा येतो.

हे खोटं नव्हतं, याचा पुरावा म्हणजे मी. सन अठ्ठ्याण्णवमध्ये मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि आईला माझ्या लग्नाची घाई झाली होती. मी काळी. सावळी वगैरे नाही, चांगली काळी. रंगीत फोटो तोवर सगळीकडं झाले होते, पण आई म्हणाली, “रंगीत नको. रंगीतात रंग दिसतो.” म्हणून मला तात्यांच्या स्टुडिओत बसवलं. फोटो आला तो बघून मीच चकले. नाक माझं, वेणी माझी, साडी मावशीची, आणि चेहरा कुणा तिसऱ्याच मुलीचा. तो फोटो घेऊन अकलूजकडचे पाहुणे आले. पोहे खाल्ले, चहा घेतला, माझ्याकडं पाहिलं, हातातल्या फोटोकडं पाहिलं, आणि त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं आईला सरळ विचारलं, “आन् ही पोरगी कुठं हाय?”

पुढं माझं लग्न झालं. फोटो न मागणाऱ्या माणसाशी झालं, बरं चाललंय. पण ते वाक्य मी विसरले नाही. तात्या रस्त्यात दिसले की मी मान फिरवायचे. पंचवीस वर्षं फिरवली. बाकी कशात नसेल, पण रागात माझं सातत्य दांडगं आहे.

मी बारामती एमआयडीसीत एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. दूध किती गार आहे, त्यात काय आहे आणि काय नसायला हवं होतं, हे बघण्यात माझी हयात गेली. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एकदा संध्याकाळी सुटी झाल्यावर गेटबाहेर आले, तर मोटरसायकलींच्या गर्दीत तात्या उभे. पांढरा सदरा, हातात स्टीलचा जेवणाचा डबा. मला वाटलं कुणाला डबा द्यायला आलेत. मी सवयीनं मान फिरवली, तर ते फिरवलेल्या बाजूला येऊन उभे राहिले.

“प्रगती, पाण्याचा गारवा मोजायचं यंत्र तुज्याकडं आसंल.”

“थर्मामीटर.”

“व्हय, त्योच. आन् ग्रामभर वजन नीट दावील आसा काटा. माजा गंजला.”

“कशाला?”

त्यांनी तिथंच डब्याचा वरचा कप्पा काढला. आत भाजी नव्हती. रुमालात गुंडाळलेला काळ्या कागदातला रोल होता, त्यावर दोरा बांधलेला.

“छकुलीचा हाय,” ते म्हणाले. सूर असा, की जणू खताचं पोतं कुणाचं हे सांगतायत.

छकुली त्यांची एकुलती एक मुलगी. आमच्याच आळीतली. नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये ताप आला, ताप मेंदूत गेला, चार दिवसांत संपलं. सात वर्षांची होती. रंगानं माझ्यासारखी, म्हणजे माझ्याहून उजळ नव्हेच. तिला मी खांद्यावर घेऊन कालव्यापर्यंत नेलेलं आहे.

आता त्या गोऱ्या फोटोंची कृती सांगते, कारण सगळं तिथंच अडलं होतं. तात्यांचे वडील मेंढरं राखायचे. थोरला भाऊ दत्तोबा तेच करायला लागला, आणि तात्या सोळाव्या वर्षी इंदापुरात झुंबररावांच्या स्टुडिओत झाडू मारायला लागले. झाडता झाडता शिकले. झुंबररावांनी त्यांना एकच मंत्र दिला होता. “गिऱ्हाईक आरशात दिसतं तसा फोटो मागत न्हाय, मनात दिसतं तसा मागतं.” तो मंत्र बाटलीत उतरवायची रीत अशी: कागदासाठी असतो तो कडक डेव्हलपर, म्हणजे चित्र वर आणणारं औषध, फिल्मला वापरायचा, तोही कोमट, आणि फिल्म ठेवलेली बंद डबी सारखी हलवत राहायची. याला ते फिल्म शिजवणं म्हणायचे. शिजवलेल्या निगेटिव्हमध्ये चेहऱ्याच्या जागी दाट काळा थर बसतो, आणि निगेटिव्हमध्ये काळं ते कागदावर पांढरं. त्यावर आणखी एक खुबी. कागद ट्रेमध्ये घातला की चाळीस मोजायचे आणि चिमट्यानं उचलून पाण्यात टाकायचा. पूर्ण रंग चढूच द्यायचा नाही. सगळा तालुका असा चाळिशीत गोरा झाला.

छकुलीचा शाळेच्या फॉर्मसाठी काढलेला एक फोटो होता. ती गेल्यावर दहाव्याला लावायला म्हणून तात्यांनी त्याच निगेटिव्हवरून मोठा फोटो केला. त्यांनी काही ठरवून केलं नाही. त्या दिवसांत त्यांना काही ठरवता येत नव्हतं. हात आपले नेहमीचं करत गेले. निगेटिव्ह शिजलेली होतीच, वर चाळीस मोजून कागद काढला. फ्रेम करून, हार घालून घरी आणला. सारजाकाकूनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तो पाहिला आणि विचारलं, “ही कुणाची पोरगी?”

तिथं असलेल्या बायकांना वाटलं दुःखानं डोकं फिरलं. मी दारात उभी होते. मला कळलं, तिचं डोकं जागेवर आहे.

तात्या पुन्हा काळ्या खोलीत गेले, पण त्या निगेटिव्हमध्ये चेहराच उरला नव्हता. कितीही वेळ कागद ठेवला तरी करडा डाग यायचा, पोरगी यायची नाही. फोटो तसाच भिंतीवर राहिला. त्यानंतर काकू त्या फोटोबद्दल काही बोलली नाही. तशी कशाबद्दलच फारशी बोलली नाही. मीठ संपलं, पाणी आलं, दार लावा, एवढं. दात काढताना इंजेक्शन दिलं की ओठ आपला राहत नाही, चावला तरी कळत नाही. त्या घरात तसं झालं होतं. भांडण नाही, रडणं नाही. मला तर वाटायचं, ह्यांनी एकदा तरी एकमेकांवर भांडी फेकावीत.

आणि हा दुसरा रोल. छकुली आजारी पडायच्या आधीच्या रविवारी दत्तोबानं कळंबजवळ एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती. ऊस तुटून गेला की खतासाठी रात्री मेंढरं बसवतात, तशी. तात्या, काकू आणि छकुली त्याला भेटायला गेले. तात्यांनी डबल लेन्सचा कॅमेरा नेला होता, बारा फोटोंचा रोल. दुपारच्या उन्हात बारा फोटो काढले. रोल धुवायचा राहिला, मग पोरगी राहिली नाही. तात्यांनी तो पत्र्याच्या पेटीत घातला आणि पंचवीस वर्षं काढला नाही.

“भ्या वाटायचं,” ते म्हणाले. “माज्या हातानं ती परत गोरीच व्हायची.”

“मग आताच का?”

तात्यांनी डब्याचं झाकण लावलं, कडी घातली, काढली, परत घातली. “दिवाळीच्या आधी ही बाजरी निवडत व्हती. निवडता निवडता म्हणली, मला छकुलीचं तोंड आठवना झालंय. डोळं मिटलं की ती भिंतीवरलीच येती. आन् परत निवडाया लागली.”

गेटवरची गर्दी ओसरली होती. मला तिथं रडायचं नव्हतं, म्हणून मी चिडले. हा माझा जुना उपाय आहे. म्हटलं, “पुण्यात मोठमोठ्या लॅब असतील, तिकडं द्या. मी दूधवाली बाई, मला यातलं काय कळतं? आणि मी तुमच्याशी बोलत नाही, हे तरी ठाऊक आहे का?”

“ठावं हाय. म्हनूनच आलो. बाकी समदी म्हणत्याल, तात्या, तुमी उस्ताद, तुमीच करा. तू चिडलेली हायस. चिडलेलं मानूस हात धरतं.”

मी हो म्हटलं.

दोन रविवार मी वाचण्यात घालवले. कोणता डेव्हलपर घ्यावा यावर जगभरची शहाणी माणसं इंटरनेटवर इतकी भांडतात, की आमच्याकडची सोसायटीची निवडणूक सोज्वळ वाटावी. एक म्हणतो, औषध अगदी पातळ करा, फिल्म तासभर न हलवता ठेवा, आपोआप होतं. दुसरा म्हणतो, जुन्या फिल्मला असं केलंत तर सगळी धुरकट होईल. तिसरा म्हणतो, डी-७६ सोडून दुसरं काही नाव काढू नका. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. पंचवीस वर्षं पडून राहिलेल्या फिल्मवर धुरकटपणा चढलेला असतो, आणि औषध जितकं गरम नि जितका वेळ जास्त, तितका तो दाट होतो. चित्र आणि धूर दोन्ही एकाच औषधानं वर येतात. चित्र यावं आणि धूर कमी यावा, एवढंच काय ते साधायचं, आणि तेही एकदाच. फिल्म पुन्हा कच्ची करता येत नाही.

मी हे तात्यांच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी अशा चेहऱ्यानं ऐकलं, की त्यांना हे माझ्या जन्माआधीपासून माहीत असावं. माहीत होतंच. त्यांनी पेटीतून एक वही काढली. झुंबररावांकडं शिकताना लिहिलेल्या कृती होत्या त्यात, शिसपेन्सिलीनं. एक पान कधी मळलेलंच नव्हतं. त्यावर नुसत्या मेटॉलच्या डेव्हलपरची कृती होती: लिटरभर पाण्यात साडेसात ग्रॅम मेटॉल, शंभर ग्रॅम सोडियम सल्फाइट. बस.

“ह्यो मऊ डेव्हलपर. झुंबरराव म्हणायचे, ह्यो काळ्याला काळं ठेवतो, धंद्याच्या कामाचा न्हाय. म्या आयुष्यात येकदाबी केला न्हाय.”

“मग हाच करू,” मी म्हटलं.

“धुराचं काय?”

“ब्रोमाइड घालू थोडं. आणि थंड ठेवू. अठरा अंश.”

“ब्रोमाइडनं चित्र पातळ व्हतं.”

“भर दुपारी काढलेत ना फोटो? उजेड भरपूर खाल्लाय फिल्मनं. सोसेल.”

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. मग म्हणाले, “पर आधी डी-७६ बी बघू. जे समदी करत्यात ते नासतंय का, ते डोळ्यानं बघू.” दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांचं चाललं होतं, आणि मला ते पटलं. प्रयोगशाळेतसुद्धा आम्ही अख्खा टँकर ओतून बघत नाही, नमुना घेतो.

नमुना घ्यायचा म्हणजे एक फोटो बळी द्यायचा. अंधारात रोलच्या बाहेरच्या टोकाचा एक तुकडा कापायचा. बाहेरचं टोक म्हणजे शेवटचा फोटो. पण शेवटचा कशाचा होता? तात्यांना आठवेना. समजा त्यात छकुलीच असली तर?

काकू उंबऱ्यावर शेंगा फोडत बसली होती. आमच्याकडं पाठ. तिनं मान न वळवता सांगायला सुरुवात केली.

“पयला दत्तूभावजींचा, काठीवर हात ठिवून. दुसरा मेंढरांचा. तिसराबी मेंढरांचा, त्यात शिंगाड्या बोकड फुडं आला म्हनून तुमी वराडला. चौथा माजा, म्या पदर घेतला न्हवता. पाचवा, सहावा, सातवा छकुलीचं. सातव्यात तिच्या मांडीवर कोकरू व्हतं. आटवा तिचा आन् माजा…” अशी ती एकसुरी सांगत गेली, मध्ये शेंगा फुटत होत्या. “…शेवटचा कुत्र्याचा. कुत्रं हाललं.”

पंचवीस वर्षांपूर्वीच्या बारा फोटोंचा क्रम तिला पाठ होता. पोरगी कुठं बसली होती, परकर कोणता होता, कोकराला लाल दोरा होता, सगळं. फक्त तोंड नव्हतं. मी आत जाऊन पाणी प्यायले.

जानेवारीत आम्ही कामाला लागलो. दिवस थंडीचा हवा होता, म्हणजे पाणी गार करत बसायला नको. लासुर्ण्याचं बोअरचं पाणी खारट, त्यात औषध फुटतं, म्हणून गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणलं. मेटॉल, सल्फाइट, चित्र पक्कं करणारा हायपो, कागद सगळं पुण्याहून कुरिअरनं मागवलं. काळ्या खोलीच्या खिडकीच्या फटी तात्यांनी ओल्या फडक्यांनी बंद केल्या. हंगाम चालू होता, बाहेरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून जात होत्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर साखर कारखान्याच्या काजळीचे कण पडत होते. तसला एक कण ओल्या फिल्मवर बसला की कायमचा.

कुत्र्याचा फोटो तात्यांनी अंधारात मधोमध कापला. अर्धा डी-७६ मध्ये, अर्धा आमच्या मऊ औषधात. सकाळभर हेच केलं. दोन्ही पट्ट्या उजेडाला धरल्या. डी-७६ मधली पट्टी सगळी करडी होती, त्यात काहीतरी होतं असं मानायचं तर मानता आलं असतं. दुसऱ्या पट्टीत एक शेपूट होतं. स्वच्छ, केसाकेसानं.

“त्वांड गेलं, शेपूट आलं,” तात्या म्हणाले. बऱ्याच वर्षांत त्यांनी केलेला तो पहिला विनोद असावा, आणि तो त्यांनी हसूनही केला नव्हता.

उरलेला रोल त्यांनी अंधारात रिळावर चढवला. मी शेजारी उभी होते, दिसत काही नव्हतं, फक्त त्यांची बोटं फिल्मवरून सरकताना ऐकू येत होती. डबीचं झाकण लागलं तसा मी दिवा लावला. थर्मामीटर अठरावर. औषध ओतलं. चौदा मिनिटं द्यायची, आणि डबी मिनिटाला फक्त एकदा उलटी करायची. बाकी वेळ तिला हात लावायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं. जास्त हलवलं की उजळ भाग जळतात.

पहिल्या मिनिटातच तात्यांचा हात डबीकडं गेला आणि हलवायला लागला. त्यांना पत्ताही नव्हता. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मी हातावर चापट मारली. पासष्टीच्या माणसाला चापट मारायचं पंचवीस वर्षांचं माझं स्वप्न त्या दिवशी पुरं झालं, पण त्यात काही गोडी लागली नाही. ते दोन्ही हात मांडीखाली घालून स्टुलावर बसले. चौदा मिनिटं. डबी मी उलटत होते. ते घड्याळाकडं बघत नव्हते, माझ्याकडंही नाही, समोरच्या भिंतीवर एक खिळा होता त्याकडं बघत होते.

हायपो झाला, धुणं झालं, आणि त्यांनी फिल्म रिळावरून सोडली. अकरापैकी सहा फोटोंच्या जागी नुसता धूर होता. दत्तोबा गेला, बोकड गेला, काकूचा पदर न घेतलेला फोटो गेला. छकुलीच्या तिन्हींतले पाचवा आणि सहावा गेले, मायलेकींचा आठवाही गेला. सातव्यात मात्र मध्यभागी पातळसं, स्वच्छ काहीतरी होतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं: मेंढरं काळी दिसत होती, आणि मांडी घालून बसलेली एक लहान आकृती काचेसारखी उजळ.

“चेहरा हाय,” तात्या म्हणाले. “जळला न्हाय.”

फिल्म वाळायला टांगली आणि जेवलो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी.  भिंतीवरची ती गोरी मुलगी हार घालून आमच्याकडं बघत होती. हार प्लॅस्टिकचा होता, कधीतरी धुतलेला.

दुपारी फोटो करायला बसलो. मी काकूला म्हटलं, तू पण ये. ती म्हणाली, भांडी पडल्यात. मी म्हटलं, पडू देत. ती उठली, हात पदराला पुसले आणि लग्न होऊन आल्यापासून दुसऱ्यांदा, असं नंतर तात्या म्हणाले, त्या खोलीत आली. लाल दिव्यात तिघं मावत नव्हतो. माझ्या हातात घड्याळ. वेळ मोजायची, एवढंच माझं काम होतं. तात्यांनी एन्लार्जरखाली कागद ठेवला, उजेड दिला, बंद केला, आणि कागद ट्रेमध्ये सरकवला.

वीस सेकंदांपर्यंत कागद कोरा होता. मग कडेनं ढेकळं आली. मेंढरांच्या पाठी आल्या. परकराची किनार आली, कोकराचे कान आले. शेवटी तोंड यायला लागलं, फिकट. एक दात पडलेला, डोळे उन्हानं बारीक केलेले. पस्तीस झाले. गोड दिसत होती. कुणालाही आवडली असती अशी, आणि कोणाचीही असू शकली असती अशी.

चाळीसला तात्यांचा चिमटा ट्रेमध्ये गेला. त्यांनी मोजलं नव्हतं, मी मोठ्यानं बोलले नव्हते. हाताला माहीत होतं. चिमट्यानं कागदाचा कोपरा धरला, उचलला, आणि काकूनं त्यांचं मनगट पकडलं.

“थांबा.”

“काळी पडंल,” तात्या म्हणाले. ती गोरी होईल म्हणून पंचवीस वर्षं भ्यालेला माणूस त्या क्षणी हे म्हणाला. तोंडातून गेलं.

“काळीच हाय ती,” काकू म्हणाली. “राहू द्या.”

तिनं मनगट सोडलं नाही. कागद परत औषधात बुडाला. गाल भरत गेले. कपाळ खोल झालं. नाकाच्या बाजूला सावली आली, आणि मग ती सावली आणि कातडी वेगळी उरली नाही, एकच झाली. कोकरू पांढरं राहिलं, डोळ्यांतलं पांढरं राहिलं, पडलेल्या दाताशेजारचा दात राहिला. बाकी सगळी पोरगी काळी होत गेली.   काकू वाकून बघत होती, चुलीवरचं दूध कधी वर येईल ते बघतात तशी.

“आजून,” ती म्हणाली.

मग म्हणाली, “काढा.”

तात्यांनी कागद उचलला, पाण्यात फिरवला, हायपोत टाकला. काकू ट्रेवर आणखी वाकली. औषधाचा वास नाकात जात असणार, तिला फिकीर नव्हती.

“ही माजी,” ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. माझ्या आलं. तात्या ट्रेला दोन्ही हातांनी धरून उभे होते, आणि कामाचं काही विचारावं तसं त्यांनी विचारलं, “प्रगती, किती शेकंद झालं?”

मी घड्याळाकडं पाहिलं. ते चालूच होतं. मी बघायचंच विसरले होते. बाकीचं सगळं मी ग्रॅमात आणि अंशात लिहून ठेवलं होतं, आणि हा एकच आकडा गेला. “माहीत नाही,” मी म्हटलं.

“मग दुसरी प्रत कशी काढायची?”

“काकूला बोलवा,” मी म्हणाले.

फोटो वाळला तेव्हा अजून ऊन होतं. काकूनं तो काचेच्या कपाटात ठेवला नाही, भिंतीवर लावला नाही, ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि पडलेली भांडी घासायला बसली. तात्या स्टूल घेऊन भिंतीपाशी गेले. वर चढले. त्या गोऱ्या मुलीच्या फ्रेमला हात घातला आणि मागं न बघता विचारलं, “ह्यो आता काडू का?”

काकूचे हात राखेत होते. तिनं मान वर करून त्या फोटोकडं पाहिलं. दहाव्याच्या दिवसानंतर मी तिला त्याकडं पाहताना पहिल्यांदाच बघत होते.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तीबी इतकी वर्सं आपल्यातच ऱ्हायली. आता तिला कुठं धाडायची?”

 तात्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं फ्रेमची काच पुसली आणि खाली उतरले.